परगावाहून घराचा कारभार

आजच्या विषयाचे नाव नव्या काळाचे असले, तरी आपल्या शेतकरी श्रोत्यांना तो अगदीच अनोळखी वाटण्याचे कारण नाही. विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवून कित्येकांना आता वर्षे झाली. रात्रीच्या पाळीची वीज आली की कंदील किंवा बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून वाट काढीत विहिरीवर जावे लागे. आता घरबसल्या फोन लावला की काम होते. स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड असते. त्या नंबरावर घंटी गेली की मोटार सुरू होते, आणि काम झाले की तशीच बंदही होते.

पण या पेटीत एक बारीक खुबी आहे. पेटी नीट बसवून देणारा कारागीर मालकाचा नंबर तिच्यात आधी नोंदवतो. त्या नंबराखेरीज दुसऱ्या कोणाची घंटी आली, तर पेटी ती ऐकून न ऐकल्यासारखे करते. ही नोंद राहिली, तर चुकून लागलेल्या फोनानेसुद्धा मोटार सुरू व्हायची आणि विहीर कोरडी असली तर मोटार जळण्याची पाळी यायची. म्हणजे कामे दोन आहेत. हाक यंत्रापर्यंत पोचवणे हे एक, आणि ती हाक कोणाची हे यंत्राने ओळखणे हे दुसरे. पहिले झाले की माणूस खूश होतो आणि दुसरे तसेच राहून जाते. या राहून जाणाऱ्या कामाविषयीच मला आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

शेतावरची ही सोय आता शहरातल्या घरातही आली आहे. दिवे, पंखे, गीझर, पाण्याच्या टाकीचा पंप, दारावरचा कॅमेरा ही सारी मंडळी एका लहानशा संगणकाच्या ताब्यात देता येतात. ‘होम असिस्टंट’ नावाची यासाठीची मोफत प्रणाली २०१३ साली सुरू झाली आणि आज जगभर वापरात आहे. पत्त्यांच्या जोडाएवढ्या आकाराच्या ‘रास्पबेरी पाय’ नावाच्या संगणकावरही ती चालते. टाकी भरली की पंप बंद, अंधार पडला की देवघरातला दिवा चालू, अशा आज्ञा एकदा देऊन ठेवल्या की झाले. घरात असेपर्यंत यात काही अडचण येत नाही. फोन आणि हा संगणक एकाच वायफायवर असतात, एकमेकांना सहज सापडतात.

अडचण सुरू होते ती आपण उंबरठा ओलांडल्यावर. कोल्हापूरच्या गाडीत बसल्यावर आठवते, की गीझर चालूच राहिला! फोन काढून पाहावे, तर फोन म्हणतो, घर सापडत नाही. असे का होते, हे समजून घेतले तर पुढचे सारे सोपे होईल.

त्यासाठी आपण गिरगावातल्या एखाद्या चाळीची कल्पना करू. चाळीचा रस्त्यावरचा पत्ता एकच असतो. आत खोल्या चाळीस. आठ नंबरची खोली या चाळीतही आहे आणि शेजारच्या चाळीतही आहे. नुसते ‘खोली नंबर आठ’ एवढेच पाकिटावर लिहिले, तर पोस्टमन ते पत्र कुठे नेणार? आपल्या घरातील यंत्रांचे पत्ते असेच खोलीच्या नंबरासारखे असतात. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता आपण पाहिला असेल. तो आपल्या घरात आहे तसाच लाखो घरांत आहे. रस्त्यावरचा खरा पत्ता असतो तो राउटरचा. राउटर म्हणजे चाळीच्या फाटकावर बसलेला दरवान म्हणा. आतून कोणी पत्र पाठवले की तो ते बाहेर नेतो, कोणत्या खोलीतून आले ते लक्षात ठेवतो आणि उत्तर आले की बरोबर त्या खोलीत पोचवतो. पण बाहेरचा कोणी आपण होऊन आला, तर त्याला कोणत्या खोलीत पाठवावे हे दरवानाला ठाऊक नसते. तो त्याला फाटकावरूनच परत लावतो. कोल्हापूरच्या गाडीतून आपण केलेली हाक अशीच परत येते.

आता आणखी एक गंमत बघा. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्तेच ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. ही संख्या एके काळी फार मोठी वाटली असेल. पण माणसे वाढली, माणसागणिक यंत्रे वाढली, आणि २०११ च्या फेब्रुवारीत जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले पत्ते संपले. त्यामुळे इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या आता कित्येक घरांना मिळून एकच पत्ता देतात. म्हणजे चाळींची सगळी वाडीच एका पत्त्यावर, आणि वाडीच्या तोंडाशी आणखी एक दरवान, तोही आपल्या हुकमतीबाहेरचा! आपल्या घरी असे आहे की काय, ते पाहणे अवघड नाही. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता लिहिलेला असतो. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण अशा वाडीत राहतो असे समजावे.

बरे, मग बाहेरून घरात शिरायचे कसे? वाटा तीन आहेत.

पहिली वाट सर्वांत जुनी. दरवानालाच सांगून ठेवायचे, “अमुक क्रमांक विचारीत जो कोणी येईल, त्याला सरळ माझ्या खोलीत पाठव.” याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. होम असिस्टंटचा नेहमीचा क्रमांक ८१२३. तो राउटरमध्ये लिहिला की दार उघडले. घरचा पत्ता वरचेवर बदलत असेल, तर बदललेला पत्ता एका ठरावीक नावाला जोडून देणाऱ्या सेवाही मिळतात. पाच मिनिटांचे काम, पैसा लागत नाही. म्हणून पुष्कळजण हेच करतात, आणि फोनवर घराचे दिवे दिसू लागले की समाधानाने झोपतात.

पण “जो कोणी येईल” या शब्दांकडे जरा लक्ष द्या. येणारे कोण असतात? २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधन तयार केले. वेगवान जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून इंटरनेटच्या त्या जुन्या पद्धतीतल्या साऱ्या पत्त्यांची दारे पाऊण तासाच्या आत ठोठावून पाहता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा हेतू अभ्यासाचा होता. पण जे अभ्यासकाला जमते ते चोरालाही जमते. आडगल्लीतले घर म्हणून चोराच्या नजरेतून सुटले, हा जुना दिलासा इंटरनेटवर उरलेला नाही. तिथे आडगल्लीच नाही. सारी घरे हमरस्त्यावर.

याचा प्रत्यय २०१६ साली आला. ‘मिराई’ नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरत होता. कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे, राउटर यांची उघडी दारे तो शोधी आणि कारखान्यातून यंत्राबरोबर आलेले पासवर्ड लावून पाही. त्याच्याजवळ अशा नावांच्या आणि पासवर्डांच्या साठ-बासष्ट जोड्या होत्या, इतकेच. एवढ्या भांडवलावर त्याने लाखो यंत्रे गुलाम केली! २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या झुंडीने डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या मोठ्या सेवा अमेरिकेत काही तास बंद पडल्या. ज्यांचे कॅमेरे या हल्ल्यात वापरले गेले, त्या बिचाऱ्या घरमालकांना त्याचा पत्ताही नसणार.

कोणी म्हणेल, “अहो, आमचा पासवर्ड चांगला लांबलचक आहे. आम्हांला कसली भीती?” लांब पासवर्ड हवाच, यात शंका नाही. पण २०२३ च्या मार्च महिन्यात होम असिस्टंटच्याच एका भागात असा दोष उघडकीस आला, की पासवर्ड न विचारताच बाहेरच्याला आतल्या कारभारात हात घालता यावा. प्रणाली सांभाळणाऱ्या मंडळींनी तो लागलीच दुरुस्त केला आणि सर्वांना जाहीर सूचना दिली; त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. माणसाने केलेल्या कुलपात कधी तरी खोट निघायचीच. कुलूप हमरस्त्यावर लटकत असेल, तर ती खोट दुरुस्तीआधीच कोणाच्या तरी हाती लागते. म्हणून पहिली वाट घरगुती माणसाने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट अशी, की बाहेरच्याने घराला हाक मारायचीच नाही. घरानेच बाहेर हाक मारायची. मघाचा दरवान आठवा. आतून बाहेर जाणाऱ्याला तो अडवीत नाही. घरातला संगणक बाहेरच्या एका मध्यस्थ सेवेशी संधान बांधतो आणि ते धरून ठेवतो. आपण गाडीतून त्या मध्यस्थाकडे जातो, आणि त्याने धरलेल्या तारेवरून घराशी बोलतो. राउटरमध्ये दार उघडावे लागत नाही, वाडीच्या तोंडाशी दुसरा दरवान असला तरी अडत नाही. होम असिस्टंटसाठी अशी सेवा ‘नाबू कासा’ नावाची कंपनी वर्गणी घेऊन देते; बाजारातले बहुतेक तयार दिवे आणि बटणे आपापल्या कंपनीच्या मध्यस्थामार्फत याच रीतीने चालतात. ज्यांना तांत्रिक गोष्टींत फार शिरायचे नाही, त्यांना ही वाट सोयीची.

मात्र हिचेही एक पथ्य आहे. मध्यस्थ नाहीसा झाला तर घर चालले पाहिजे. अमेरिकेत इन्स्टिऑन नावाची घरगुती उपकरणे करणारी कंपनी होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिचे मध्यवर्ती संगणक पूर्वसूचना न देता बंद पडले आणि गिऱ्हाइकांच्या फोनांवरून त्यांच्याच घरांतले दिवे हलेनासे झाले. पुढे काही गिऱ्हाइकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा चालू केली, हा भाग निराळा. यावरून घ्यायचा बोध असा, की घराची बुद्धी घरात असावी. मध्यस्थाने निरोप्याचे काम करावे. कारभाऱ्याचे काम त्याच्याकडे देऊ नये. उपकरण घेताना दुकानदाराला साधा प्रश्न विचारा, “इंटरनेट बंद असताना हे घरातल्या घरात चालेल का?” तो घुटमळला, तर पुढच्या दुकानात चला.

तिसरी वाट खाजगी भुयाराची. फोन आणि घर यांच्यामध्ये एक सांकेतिक लिपीतला बंद मार्ग तयार करायचा. त्याला व्हीपीएन म्हणतात. यातले ‘वायरगार्ड’ नावाचे साधन चांगले नावाजले आहे. २०२० च्या मार्चमध्ये ते लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यातच सामील झाले. त्याची रीत मोबाईल स्टार्टरच्या पेटीसारखीच आहे, पण कितीतरी पक्की. प्रत्येक फोनाला किल्ल्यांची एक जोडी मिळते. उघड किल्ली घरच्या यंत्रात नोंदवायची, गुप्त किल्ली फोनाबाहेर जाऊ द्यायची नाही. नोंद नसलेल्या कोणी दार ठोठावले, तर वायरगार्ड “कोण आहे?” असेसुद्धा विचारीत नाही. ते गप्प राहते. ठोठावणाऱ्याला इथे दार आहे की नुसती भिंत, हेच कळत नाही.

हे भुयार स्वतः खणायचे तर घराला बाहेरचा स्वतःचा पत्ता लागतो. तो नसेल, तर टेलस्केलसारख्या सेवा आहेत. त्या वायरगार्डच वापरतात. फोन आणि घर दोघेही बाहेर हाक मारतात, सेवा त्यांची ओळख करून देते आणि शक्य असेल तेथे दोघे परस्पर बोलू लागतात. मधल्याला त्यांचे बोलणे वाचता येत नाही. ज्याला एक रविवार खर्च करण्याची तयारी आहे, त्याने ही तिसरी वाट धरावी. घरात कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर रविवारही लागणार नाही.

वाट ठरली की चार नियम पाळावेत. पहिला, यंत्राबरोबर आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा, आणि दुसरीकडे वापरलेला पासवर्ड इथे वापरू नये. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात घडलेली गोष्ट आहे. मुलींवर लक्ष राहावे म्हणून आईवडिलांनी त्यांच्या खोलीत रिंग कंपनीचा कॅमेरा बसवला होता. एके दिवशी त्या कॅमेऱ्यातून एक परका पुरुष आठ वर्षांच्या मुलीशी बोलू लागला. आपण सांताक्लॉज आहोत म्हणाला. असे प्रकार आमची यंत्रणा फोडून झालेले नाहीत, इतरत्र फुटलेले पासवर्ड लावून झाले, असे कंपनीचे म्हणणे होते. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत तिने सर्व गिऱ्हाइकांना दुहेरी ओळख सक्तीची केली. दुहेरी ओळख म्हणजे पासवर्डाशिवाय फोनवर येणारा आकडाही द्यायचा. आपण सक्तीची वाट कशाला पाहावी?

दुसरा नियम, घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. फोन हरवला किंवा भाडेकरू खोली सोडून गेला, तर त्याची नोंद खोडता आली पाहिजे. तिसरा, प्रणालीच्या दुरुस्त्या आल्या की त्या घ्याव्यात. चौथा, परीक्षा आधी घ्यावी. घरात बसूनच फोनचे वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा आणि दिवा लावून पाहा. ही परीक्षा एस.टी. पकडण्याच्या आदल्या दिवशी करावी, एस.टी.त बसल्यावर नव्हे.

आपल्याकडे विजेचाही विचार हवा. वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की घराशी बोलणे बंद. राउटरसाठी लहानसा यूपीएस मिळतो, तो लावावा. वीज परत आल्यावर गीझर, इस्त्री यांसारखी उपकरणे बंदच राहतील, अशी योजना बटणात करून ठेवावी. आणि हो, २००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला ६ अँपिअरचे हलके स्मार्ट प्लग लावू नयेत, १६ अँपिअरचे लावावे. दुरून चालवण्याच्या नादात घरातली वायर तापली, तर सगळेच मुसळ केरात.

यातूनच आणखी एक तत्त्व निघते. दुरून बंद करण्याची मोकळीक भरपूर ठेवावी, दुरून चालू करण्याची मोजूनमापून. गाडीतून गीझर बंद केला तर फार तर कोणाला गार पाण्याने आंघोळ करावी लागेल. चालू केला आणि मध्येच फोनची रेंज गेली, तर तो बंद कोण करणार? म्हणून चालू करण्याची जी आज्ञा बाहेरून द्यायची, तिचे बंद होणे घरातच ठरलेले असावे: वीस मिनिटांनी गीझर आपोआप थांबला पाहिजे, इंटरनेट असो वा नसो. दाराचे कुलूप दुरून उघडण्याची सोय तर, खरी गरज नसेल, तर करूच नये.

शेवटचा मुद्दा यंत्राचा नाही, माणसांचा आहे. पुष्कळ घरांत आज मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात, आणि आईवडील गावच्या घरात. मुलाच्या मनात काळजी असते, म्हणून तो दिवाळीला येतो, कॅमेरे आणि बटणे बसवतो आणि परत जातो. मग एके रात्री आई उशिरापर्यंत वाचत बसलेली असते आणि दिवा एकाएकी विझतो. फोन येतो, “आई, अकरा वाजले, झोप आता.” मुलाच्या दृष्टीने ती माया. पण ज्या घरात तिने चाळीस वर्षे कारभार केला, त्या घरातला दिवा आता तिच्या हातात राहिलेला नाही, असे तिला वाटले तर तिचे काय चुकले?

म्हणून घरात जो राहतो त्याचा शब्द शेवटचा असावा. भिंतीवरचे साधे बटण नेहमी चालले पाहिजे, फोनवरून कोणी काहीही ठरवलेले असो. कॅमेरा कुठे असावा हे आईवडिलांना विचारून ठरवावे. दारावर खुशाल असावा, माजघरात त्यांची इच्छा असेल तरच. आणि तो कसा बंद करायचा, हे त्यांना दाखवून ठेवावे. स्वयंपाकघरातला दिवा रोजच्या वेळी लागला, एवढी खबर मुलाला मिळाली तरी आई उठली, चहाला आधण ठेवले, हे त्याला कळते. काळजी मिटवायला पुष्कळदा तेवढे पुरते. त्यासाठी चित्र लागत नाही.

घर कितीही दुरून चालवता आले, तरी ते आत राहणाऱ्याचे असते. कोणाची हाक ऐकायची आणि कोणाची ऐकायची नाही, हे त्या घराला नीट शिकवून ठेवावे आणि मग खुशाल प्रवासाला निघावे.